बोल्टावरचा एफ

आजोबांच्या जीपचे बोल्ट मी डोळ्यांआधी बोटांनी ओळखायला शिकलो. मडगार्डच्या आत हात घालायचा, चिकट वंगण पुसायचं आणि बोल्टाचं डोकं अंगठ्यानं चाचपायचं. फोर्डचा बोल्ट असेल तर इंग्रजी ‘एफ’ बोटाला लागतो. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीच्या नमुन्याबरहुकूम फोर्डनंही जीप बनवल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या निघाल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही आपल्याकडे लष्करी लिलावात आल्या, आणि तशीच एक फिरत फिरत आजोबांच्या दारात, कोल्हापुरात, उभी राहिली.

आजोबांचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी मागची सीट काढली, गुळाचे रवे रचायला फळ्या मारल्या, वर पत्र्याचं छत चढवलं. गल्लीत फौजेतून परतलेले एक सुभेदार होते. त्यांना ते सोसलं नाही. ‘लढाईच्या गाडीची बैलगाडी केलीस,’ म्हणाले. आजोबांचं उत्तर आमच्या घरात अजून सांगतात : ‘दसऱ्याला निघते ती राजाराम महाराजांची मेबॅक बघा. गाडी जर्मनीची, रंग आपला भगवा. महाराजांनी गाडी आपली करून घेतली, तशी मी माझी केली.’

पण तेच आजोबा पुढं सुभेदारांच्या जागी जाऊन बसले.

1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. जीपचं 2.2 लिटरचं इंजिन गुळाच्या धंद्याला झेपणारं नव्हतं. काही वर्षं गाडी गोठ्याशेजारी झाकून राहिली. मग काकांनी ती उद्यमनगरला नेली आणि तिच्यात मॅटॅडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ‘बसवलं’ म्हणायला सोपं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जुळेनात, म्हणून मधली जाड प्लेट लेथवर करून घेतली. इंजिनाचा जड बोजा पुढच्या पाट्यांवर आला, तेव्हा पाटे वाढवले. तेलाची टाकी अ‍ॅक्सलला घासत होती, ती कापून पुन्हा झाळली. तिथल्या मिस्त्रींनी कागदावर रेघ ओढली नाही, सगळा हिशोब खडूनं फरशीवर. आरटीओच्या पुस्तकात नवा इंजिन नंबर चढला आणि जीप धडधडत घरी आली. आजोबा महिनाभर तिच्यात बसले नाहीत. ‘तिचा आवाज मारलास,’ एवढंच ते काकांना म्हणाले.

मी मोठा झालो तोवर वारं फिरलं होतं. आता गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी, तोच रंग, तोच सहा व्होल्टचा दिवा, तोच बोल्ट. 2021 च्या नियमांनी त्याला बळच दिलं : पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसला तरच. मलाही तोच नाद लागला. जुन्या बाजारांतून मूळ इंजिन शोधलं, पत्रा खरवडून फौजी हिरवा रंग दिला. डिझेल इंजिन साखळीनं वर उचललं तेव्हा काका शेजारी उभे होते. भंगारवाल्याचा टेम्पो दारात होता. काकांनी त्या मधल्या प्लेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हे नसतं तर ही गाडी कवाच भंगारात गेली असती, बाळा.’

मला त्या क्षणी लाज वाटली. ज्या इंजिनाला मी ‘बिघडवलेलं’ म्हणत होतो, त्यानंच माझ्यासाठी ती जीप राखली होती. मूळ रूपाचा माझा आग्रह खोटा नव्हता, पण काकांच्या कामाला मी कधी काम मानलंच नव्हतं. टेम्पो मी रिकामा परत पाठवला.

आता पुतण्याला आमच्या जुन्या पद्मिनी मोटारीत बॅटरी आणि मोटर बसवायची आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई केली. असा बदल करायचा तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद लागेल, हे मी त्याला बजावलं. बाकी काही बोललो नाही. ‘पद्मिनी ती पद्मिनीच’ हे शब्द मात्र जिभेवर आले होते. मी ते गिळले. काका पंचाहत्तरी ओलांडलेले, ते खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि पहिला प्रश्न विचारला : ‘मोटर अन् गिअरबॉक्सच्या मधी प्लेट कशाची घालणार?’

डिझेल इंजिन अजून आमच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं आहे. तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्यातला परका वाटणारा भाग काढून टाकण्याआधी तो कुणी आणि का बसवला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा.