बेटी स्टोव्हे : तीन पराभव आणि एक बंद दार

आजचा विषय टेनिसचा आहे, पण तुम्हांला टेनिस खेळता आलंच पाहिजे असं काही नाही. आज आपण एका डच खेळाडूची कारकीर्द बघणार आहोत. नाव बेटी स्टोव्हे. घरातला स्टोव्ह नव्हे, स्टोव्हे! हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. का ऐकलं नसेल, हाच खरं तर आजचा प्रश्न आहे.

सुरुवात 1977 च्या विम्बल्डनपासून करू. विम्बल्डनची पहिली स्पर्धा 1877 सालची, म्हणजे हे शंभरावं वर्ष. त्यातच राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झालेली. राणीला टेनिसची फारशी आवड नव्हती. 1962 नंतर ती पहिल्यांदाच विम्बल्डनला आली, आणि तीही महिला एकेरीच्या अंतिम सामन्याला. तारीख 1 जुलै. एका बाजूला इंग्लंडची व्हर्जिनिया वेड आणि दुसऱ्या बाजूला आपली बेटी स्टोव्हे.

आता प्रेक्षकांची मनःस्थिती लक्षात घ्या. वेडने उपांत्य फेरीत ख्रिस एव्हर्टला हरवलं होतं. दुसऱ्या उपांत्य सामन्यात सू बार्कर ही इंग्लंडचीच मुलगी होती. 1961 नंतर पुन्हा एकदा दोन ब्रिटिश बायका अंतिम फेरीत खेळणार, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. त्या स्वप्नावर पाणी टाकलं ते स्टोव्हेने. बार्करला तिने तीन सेटमध्ये हरवलं. त्याआधीच्या फेरीत तिने दुसरं मानांकन असलेल्या मार्टिना नवरातिलोवाला घरी पाठवलं होतं. बरं, ही मार्टिना त्याच स्पर्धेत दुहेरीत तिची जोडीदार होती!

अंतिम सामन्यात पहिला सेट स्टोव्हेने 6-4 असा जिंकला. मग वेड सावरली. पुढचे दोन सेट तिने 6-3, 6-1 असे घेतले. राणीने चषक दिला, प्रेक्षक गाऊ लागले, इंग्लंडभर आनंदीआनंद. त्या दिवसाची छायाचित्रं आजही छापली जातात. त्यांत वेड असते, राणी असते. स्टोव्हे कुठेतरी कडेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. नवरातिलोवाबरोबर ती महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत होती. तिथेही हरली. दक्षिण आफ्रिकेच्या फ्रू मॅकमिलनबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत होती. पहिला सेट जिंकून तिथेही हरली. एकाच विम्बल्डनमध्ये तीन अंतिम सामने आणि तिन्हींत पराभव. टेनिसच्या प्रश्नमंजूषेत तिचं नाव येतं ते याच उत्तरासाठी. तीन अंतिम फेऱ्या गाठणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मात्र त्या प्रश्नात कुणी विचारत नाही.

आता जरा मागे जाऊ. बेटीचा जन्म 24 जून 1945 चा, रॉटरडॅमचा. 1940 च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग बेचिराख केला होता. 1944-45 चा हिवाळा डच लोक आजही उपासमारीचा हिवाळा म्हणून आठवतात. 5 मे 1945 ला देश मुक्त झाला आणि त्यानंतर सात आठवड्यांनी ही मुलगी जन्मली. व्हर्जिनिया वेड तिच्यापेक्षा फक्त सोळा दिवसांनी लहान. म्हणजे त्या अंतिम सामन्यात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघी युद्ध संपतानाच्या एकाच उन्हाळ्यात जन्मलेल्या होत्या.

डच महिला टेनिसला त्याआधी मोठी परंपरा होती असंही नाही. कीआ बाऊमनने 1927 मध्ये फ्रेंच स्पर्धेची एकेरी जिंकली होती. विम्बल्डनच्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारी पहिली डच महिला स्टोव्हेच.

तिचा खेळ कसा होता? उंच, ताकदवान, जोरदार सर्व्हिस. असा खेळ दुहेरीत फार उपयोगी पडतो. 1972 साली तिने फ्रेंच आणि विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांची महिला दुहेरी बिली जीन किंगबरोबर जिंकली, आणि अमेरिकन स्पर्धेची फ्रान्सच्या फ्रान्स्वाज ड्यूरबरोबर. एका वर्षात तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदं! तरीही मथळे एकेरीचे. आपल्याकडे पेस-भूपती आणि सानिया मिर्झा यांच्यामुळे दुहेरीला थोडा मान मिळाला, नाहीतर जगभर दुहेरी म्हणजे मुख्य कार्यक्रमानंतरचा कार्यक्रम. बक्षिसाची रक्कमही त्याच हिशेबाने कमी.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण आजच्या गोष्टीचा गाभा तिथे आहे. 1968 साली विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुलं झालं. त्या वर्षी पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला मिळाले 2,000 पौंड. महिला विजेत्या बिली जीन किंगला 750. पुढे 1970 मध्ये नऊ खेळाडू बाहेर पडल्या आणि त्यांनी एका डॉलरच्या नाममात्र करारावर सह्या करून बायकांची वेगळी स्पर्धामालिका उभी केली. हे धाडसच होतं. पण त्यातून एक अडचण झाली. काही खेळाडू या मालिकेत, तर काही अमेरिकन संघटनेच्या अधिकृत मालिकेत. बायकांमध्येच दोन गट. आणि फूट पडली की समोरचा पक्ष निवांत बसतो, हे आपल्याला काही नवीन सांगायला नको.

मग येतो जून 1973. विम्बल्डन सुरू होण्याच्या तोंडावर किंगने लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात सगळ्या खेळाडूंची बैठक बोलावली. साठाहून अधिक जणी जमल्या. वेगवेगळे देश, वेगवेगळे गट, एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. किंगने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी, की तिने स्टोव्हेला दाराशी उभं केलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. संघटना झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही! स्टोव्हेच का? कारण ती उंच आणि दणकट होती. तिला बाजूला सारून कोण जाणार? हे किंग हसत हसत सांगते, आपणही हसतो. दार उघडलं तेव्हा महिला टेनिस संघटना अस्तित्वात आलेली होती. आज जगभर महिला टेनिस चालवणारी संघटना ती हीच. किंग अध्यक्ष झाली, वेड उपाध्यक्ष, ड्यूर चिटणीस आणि स्टोव्हे खजिनदार.

ही यादी पुन्हा एकदा बघा. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स. हे फक्त अमेरिकनांचं भांडण नाही, हे या चार नावांनी सिद्ध झालं. आणि चार वर्षांनी राणीसमोर एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघी याच यादीत आहेत. उपाध्यक्ष विरुद्ध खजिनदार!

त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेने स्त्री-पुरुष विजेत्यांना सारखी रक्कम दिली. विम्बल्डनला मात्र वेळ लागला. 1977 मध्ये वेडला 13,500 पौंड मिळाले, पुरुष विजेत्या ब्योर्न बोर्गला 15,000. समान रक्कम तिथे आली थेट 2007 साली. म्हणजे ग्लॉस्टर हॉटेलच्या बैठकीनंतर 34 वर्षांनी.

आता पुन्हा 1977. विम्बल्डनमध्ये तीनदा हरल्यावर काय झालं? दोनच महिन्यांनी फॉरेस्ट हिल्सच्या अमेरिकन स्पर्धेत तिने नवरातिलोवाबरोबर महिला दुहेरी जिंकली आणि मॅकमिलनबरोबर मिश्र दुहेरीही जिंकली. मिश्रच्या अंतिम फेरीत समोर कोण होतं? बिली जीन किंग. त्याच वर्षी ती एकेरीच्या क्रमवारीत जगात पाचवी होती. 1978 मध्ये आणि पुन्हा 1981 मध्ये तिने मॅकमिलनबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. एकूण हिशेब मांडला तर महिला दुहेरीची सहा आणि मिश्र दुहेरीची चार, अशी दहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं. त्या तीन पराभवांपलीकडे ही दहा उभी आहेत.

पुढे ती प्रशिक्षक म्हणूनही उभी राहिली. तिची शिष्या हाना मांडलिकोवा. 1985 च्या अमेरिकन स्पर्धेत हानाने आधी एव्हर्टला आणि मग अंतिम फेरीत नवरातिलोवाला हरवलं. त्या काळात या दोघींना एकाच स्पर्धेत लागोपाठ हरवणं म्हणजे काय, हे टेनिस बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

2019 मध्ये किकी बर्टन्स ही डच खेळाडू क्रमवारीत चौथी झाली आणि स्टोव्हेचा पाचव्या क्रमांकाचा डच विक्रम मोडला. चार दशकांहून अधिक काळ तो टिकला होता. बर्टन्सच्या पिढीला खेळण्यासाठी संघटना, वर्षभराची स्पर्धामालिका आणि बऱ्यापैकी बक्षीस हे सगळं तयार मिळालं. ते तयार करणाऱ्यांत दाराशी उभी राहिलेली एक बाई होती.

इतिहास वाचताना आपण चषक कुणाच्या हातात आहे ते बघतो. माझी विनंती एवढीच, की त्या छायाचित्राच्या कडेला कोण उभं आहे तेही बघत जा. पैशाचा हिशेब कुणी ठेवला, जोडीदाराला कुणी सांभाळून घेतलं, आणि लोक उठून जायला लागले तेव्हा दार कुणी लावलं, हे विचारत जा. स्टोव्हेच्या बाबतीत या सगळ्याचं उत्तर एकच येतं.