कट्यारीचं कूळ मुठीत

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये छत्रपती शहाजी संग्रहालयातली शस्त्रं पाहणाऱ्याची नजर आधी पात्यावर जाते. संग्राहकही पात्याचीच चौकशी करतात: पोलाद कुठलं, पाणी कसं, नक्षी कुणाची. कट्यारीच्या बाबतीत ही वाट चुकीच्या गावाला नेते. पातं मोडतं, बदलतं, दुसऱ्या शस्त्रातून येतं. मूठ मात्र घडण सोडत नाही. आणि मुठीवरून पाहिलं तर कट्यारीची सख्खी भावकी खंजीर-बिचव्याशी नाही, दांडपट्ट्याशी आहे, असं माझं मत आहे. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीला दोन समांतर पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या. मूठ त्या दांड्यांवर वळली की पातं थेट हाताच्या रेषेत येतं आणि ठोसा मारावा तसा वार होतो. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यातही अशीच आडवी मूठ असते. मनगट जखडलेलं, म्हणून कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ खेळणारा पट्टेकरी हात खांद्यातून फिरवतो.

या नात्याला जुना साक्षीदार आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूतानं 'कतारा' नावाच्या शस्त्राचं वर्णन केलं आहे: नांगराच्या फाळासारखं लोखंड, त्यात हात घातला की कोपरापुढचा हात झाकला जातो आणि पुढे दोन हात लांबी उरते. नाव कट्यारीचं, रूप जवळजवळ पट्ट्याचं. मधला दुवा दक्षिणेत सापडतो. विजयनगर आणि तंजावरकडच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कट्यारींना पंजाची पाठ झाकणारा शिडाच्या आकाराचा पत्रा असतो आणि पाती पुढच्या काळातल्या कट्यारींपेक्षा लांब असतात. त्यांतली कित्येक पाती युरोपी तलवारींची, कापून बसवलेली. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये खालसा झाल्यावर तिथलं शस्त्रागार इंग्रजांनी मोडीत काढलं. त्यातल्या काही कट्यारी आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. फिरंगी पात्यामुळे अशी कट्यार 'भेसळीची' ठरवणं मला पटत नाही. परकं पातं इथल्या मुठीत बसवलं, यातच कारागिराच्या लेखी कट्यार म्हणजे काय होतं ते दिसतं.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही: कट्यार भोसकण्याची, पट्टा कापण्याचा, मग कूळ एक कसं? पण काम वेगळं झालं ते पात्यामुळे. पातं आखूड, ताठ आणि टोकाशी जाड केलं की ते चिलखताच्या कड्या फोडतं. लांब आणि लवचीक केलं की घेराव तोडतं. आडवी मूठ दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असेल, असंही कुणी म्हणेल. एकाच मुलखात, एकाच लोहारपरंपरेत, मधली रूपं डोळ्यांसमोर असताना ते मानणं अवघड आहे. यातलं कुठलं रूप आधीचं, हा वाद मात्र इब्न बतूताच्या चार ओळींवर मिटणार नाही.

महाराष्ट्र शासनानं 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आता संग्रहालयांनी कट्यार खंजिरांच्या कपाटातून काढून पट्ट्याशेजारी मांडावी, आणि तिची मूठ आतून दिसेल अशी मांडावी.