आधी शेवट, मग सुरुवात

खून कोणी केला हे आरंभीच कळलेले असते, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मनोवैज्ञानिक थरारकादंबरीची खरी ओढ इथे आहे. गुप्तहेरकथेत आपण पुरावे गोळा करत हिंडतो. इथे अपराध्याच्या, नाहीतर त्याच्या धाकात जगणाऱ्याच्या मनात मुक्काम करावा लागतो. या कादंबरीचे कूळ शोधत गेले की वाट १७९४ सालच्या इंग्लंडमध्ये पोचते.

विल्यम गॉडविन हा राजकीय तत्त्वज्ञ. आदल्याच वर्षी त्याचा राजकीय न्यायावरचा ग्रंथ गाजला होता. बलवान माणूस दुबळ्याला कायद्याच्या आडून कसा चिरडतो, हे ग्रंथ न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचावे म्हणून त्याने ‘केलेब विल्यम्स’ ही कादंबरी लिहिली. केलेब हा फॉकलंड नावाच्या प्रतिष्ठित जमीनदाराचा तरुण चिटणीस. धन्याने पूर्वी खून केला आणि त्यापायी निरपराध बापलेक फासावर गेले, हे त्याला कळते. मग धनी आपली सगळी पत वापरून त्याच्या मागे लागतो आणि केलेबला कुठेच थारा उरत नाही.

ही कादंबरी कशी रचली, ते गॉडविनने १८३२ मध्ये स्वतः सांगून ठेवले आहे. त्याला आधी सुचला तो तिसरा खंड, म्हणजे पाठलाग. एखाद्याचा असा पिच्छा कोण आणि का पुरवील, याचा विचार करताना दुसरा खंड सुचला आणि सगळ्यात शेवटी पहिला. लिहायला घेतल्यावर त्याने तृतीयपुरुषी निवेदन केले होते. ते मनासारखे उतरेना, तेव्हा कथा केलेबच्याच तोंडी घातली, कारण त्याला घटनांपेक्षा मनातले हेतू उकलून दाखवायचे होते. शेवटाकडून केलेली बांधणी आणि मनाच्या आतून केलेले निवेदन, ही या घराण्याची दोन लक्षणे तिथेच ठरली.

गॉडविनच्या या उलट्या रचनेची गोष्ट चार्ल्स डिकन्सने एडगर अॅलन पोला पत्रातून कळवली. पोने १८४६ मधल्या लेखनप्रक्रियेवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधाची सुरुवात त्या पत्रापासूनच केली. त्याआधी, १८४३ मध्ये, त्याची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा प्रसिद्ध झाली होती. म्हाताऱ्याला मारणारा निवेदक आपण वेडे नाही असे परोपरीने पटवतो आणि तो जितके पटवतो तितका आपला त्याच्यावरचा विश्वास उडतो. बेभरवशाचा निवेदक किती भयंकर असू शकतो, हे या चार-पाच पानांनी दाखवून दिले.

ही कथा १८६१ मध्ये रशियन भाषेत आली ती दोस्तोयेव्स्की बंधूंच्या ‘व्रेम्या’ मासिकात आणि सोबतची प्रस्तावना फ्योदोर दोस्तोयेव्स्कीची होती. पुढे ‘गुन्हा आणि शिक्षा’ लिहिताना त्यानेही सुरुवात खुन्याच्या कबुलीजबाबाने केली. नंतर ते लेखन बाजूला सारून तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले, पण ते असे की आपण खुनी नायक रास्कोल्निकोव्हच्या डोक्यातून फारसे बाहेर पडतच नाही. १८६६ मध्ये ही कादंबरी मासिकातून क्रमशः आली. सहा भागांपैकी पहिल्याच भागात खून होतो. उरलेले पाच भाग माणूस आतून कसा पोखरला जातो याचे आहेत.

दोस्तोयेव्स्कीला मानणाऱ्या अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी पुढचे पाऊल टाकले. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५०) मध्ये आगगाडीत भेटलेला एक अनोळखी माणूस खुनांची अदलाबदल सुचवतो. ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) मध्ये तर खुनी पकडला जाऊ नये असे आपल्यालाच वाटू लागते. थरार आता वाचकाच्या विवेकाला भिडला. गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’ (२०१२) मध्ये नवरा आणि बायको आळीपाळीने बोलतात आणि दोघांवरही विसंबता येत नाही, तेव्हा हेच जुने रक्त बोलत असते.

म्हणून अशी कादंबरी आवडली तर ती दुसऱ्यांदा जरूर वाचा. पहिल्या वाचनात आपण निवेदकाचे ऐकतो. दुसऱ्या वाचनात त्याने काय गाळले ते दिसते आणि लेखकाचे खरे कसब तिथेच उमगते. मित्राला पुस्तक द्याल तेव्हा मात्र शेवट सांगू नका.