ठराव सभागृहाचा, निकाल रस्त्याचा

लोकशाही धोक्यात कधी आली, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते : 25 जून 1975. उत्तर खोटे नाही. पण आमच्या जालना भागाला लोकशाहीच मुळात उशिरा मिळाली, आणि दलित वस्तीतून पाहिले तर तिच्यावरचे घाव वेगळ्याच तारखांना पडलेले दिसतात.

1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. 'गश्ती निशाण 53' प्रमाणे साध्या सभेलाही आधी परवानगी लागे. अशा राज्यात 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधी बंदी आली. 17 सप्टेंबर 1948 नंतर अवघ्या काही वर्षांत ही प्रजा मतदार झाली. पहिल्या लोकसभेला अंबड नावाचा मतदारसंघच होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर चिन्ह. अक्षरओळख नसली तरी अडत नसे. पाटलाच्या आणि येसकराच्या हातात एकाच किमतीचा कागद आला, हे या मातीत पूर्वी कधी घडले नव्हते.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत याच कागदाबद्दल बजावले होते. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ पोसला तर विषमतेने गांजलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता. आमच्याकडे घडले ते उलट. डोलाऱ्यावर हात टाकला तो विषमतेचे लाभ खाणाऱ्यांनी.

27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. आणीबाणी उठून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. लोकशाही परत आल्याचा आनंद अजून ओसरला नव्हता. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटू लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. विद्यापीठाच्या पाटीशी ज्यांचा कधी संबंध येणार नव्हता, अशांची घरे जळाली. का? गावकीची कामे सोडली, पोरे शिकवली, नोकरीत गेली, हा राग जुनाच होता. नामांतर हे निमित्त. सरकारने अंमलबजावणी थांबवली. म्हणजे लोकप्रतिनिधींनी एकमुखाने घेतलेला निर्णय रस्त्यावरच्या जमावाने फिरवला, आणि याला कोणी आणीबाणी म्हटले नाही! पुढे साडेपंधरा वर्षे मोर्चे, तुरुंग, बलिदाने. आणि 14 जानेवारी 1994 रोजी मिळाला तो नामविस्तार. ठरावातले नाव आले खरे, पण 'मराठवाडा' हा शब्द शेजारी ठेवून.

आजचा धोका इतका आरडाओरडा करीत नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा त्या मिसळून मोजता येत. यंत्रावर केंद्रनिहाय आकडे उघड होतात, आणि गावाला वस्तीने कुणाला मत दिले हे कळायला ज्योतिषी लागत नाही. उद्याची मजुरी ज्याच्या शेतात, त्याचाच उमेदवार पडला असेल तर?

दुसरे, 'बिनविरोध'. एकोप्याचे लक्षण म्हणून बिनविरोध ग्रामपंचायतींचे सत्कार होतात. अर्ज मागे घेण्याच्या आदल्या रात्री कोण कुणाच्या दारात बसले होते, हे सत्कारात कोणी विचारीत नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे तर सरपंचपदाची बोलीच लागली. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. चित्रफिती बाहेर आल्या म्हणून हे कळले.

आणि जिथे बोली लागली नाही तिथे निवडणूकच झाली नाही. मार्च 2022 मध्ये जालना जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राखीव जागांवरून निवडून येणारी आमची माणसे, बाया, तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाबाहेर राहिली. समाजकल्याणाचा निधी कुठे गेला, हा प्रश्न ज्या सभेत विचारायचा ती सभाच भरत नव्हती. याविरुद्ध जालन्यात मोठा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.