पगारवाढ की शाश्वती? गिरणी कामगारांच्या एका जुन्या वादाचा मागोवा

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झाक्या निघतात. गिरण्यांचे भोंगे थांबून बराच काळ लोटला, तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार ही नावे त्या रात्री पुन्हा सर्वांच्या तोंडी येतात. इथल्या जुन्या मराठी घरांपैकी अनेक घरांत कुणी ना कुणी गिरणीत होते. कुणी साच्यावर, कुणी कचेरीत. त्यांच्या गप्पांत एक वाद हटकून निघे. युनियनने मालकाकडे आधी काय मागावे? हातात पडणारा पगार वाढवून मागावा, की कायम नोकरी, फंड, विमा आणि रजा? इंटकचे द्रविड आणि लाल बावट्याचे होमी दाजी यांच्या अनुयायांत त्यावर चांगलीच जुंपत असे. दाजी १९६२ साली इंदुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले, यावरून इथल्या कामगार चळवळीचे वजन लक्षात यावे. पण हा वाद इंदूरपेक्षा जुना आहे. तो पाहायचा तर आधी मुंबईला जावे लागते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर नवल वाटते. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत पगार. पगारवाढ त्यांत नाहीच. ज्याला पगार कधी मिळेल याचीच खात्री नाही आणि ज्याचा हात पट्ट्यात सापडला तर घर उपाशी राहणार, त्याची पहिली गरज शाश्वतीची होती. त्यांपैकी रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली.

१९१८ सालच्या अहमदाबादच्या संपाची गोष्ट वेगळी. प्लेगच्या साथीत कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी भरघोस बोनस दिला. साथ ओसरताच तो बंद करायचे ठरवले. महागाई मात्र ओसरली नव्हती. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. शेवटी लवादाने ३५ टक्के मान्य केले. बोनस म्हणून दिलेले पैसे मालक परत काढून घेऊ शकतो आणि पगारात मिळवलेली वाढ सहज काढता येत नाही, हे कामगारांना तिथे उमगले.

स्वातंत्र्यानंतर शाश्वतीचा बराचसा भाग कायद्याने आला. राज्य विम्याचा कायदा १९४८चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२चा. निधीचा कायदा ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला, त्यांत कापडधंदा होता. कामगाराचे सव्वासहा टक्के आणि तेवढेच मालकाचे, असा तो आरंभी होता. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा आला. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. या दोन्हींत एक फरक आहे, आणि आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म तिथेच आहे. फंडाचा पैसा दरमहा गिरणीबाहेर जाऊन कामगाराच्या नावे जमा व्हायचा असतो. ग्रॅच्युइटी मात्र बहुतेक ठिकाणी निवृत्तीच्या दिवसापर्यंत मालकाच्या वहीतले देणे म्हणूनच राहते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. ठिणगी बोनसची होती, मागण्या पगारवाढीच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्याही होत्या. बदली कामगार रोज पाळीला फाटकाशी उभा राही. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि हजारो कामगार पुन्हा कामावर लागले नाहीत. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागले, असे अनेकजण आजही म्हणतात. आम्हाला हे म्हणणे अपुरे वाटते. कायम कामगाराच्या हातात काहीतरी होते. बदलीच्या हातात काय होते? शिवाय यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. कराराने नोकरी कायम होते, पण गिरणी कायम होत नाही.

ते आम्ही इंदुरात पाहिले. हुकुमचंद मिल १९९२च्या सुमारास बंद पडली आणि पुढे अवसायनात गेली. १९८५च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कामगारांची देणी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीला आणली होती. पण मालमत्ता विकली जाईपर्यंत त्या हक्काला नुसते कागदाचे मोल. सभा झाल्या, कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. अखेर राज्य शासनाने देणी चुकवून गिरणीची जमीन घेण्याची तडजोड झाली आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. त्यांच्या वाट्याचे घ्यायला विधवा आणि मुले आली. ज्या सवलतींसाठी त्यांच्या पिढीने पगारवाढीवर पाणी सोडले असेल, त्यांतले जे वहीत राहिले ते तीस वर्षांनी हाती आले.

म्हणून पगार बरा की शाश्वती, हा प्रश्न आम्हाला थोडा बदलून विचारावासा वाटतो. मिळालेल्यापैकी किती पैसा मालकाच्या हातून दरमहा सुटतो, आणि किती नुसता वचन म्हणून उरतो? मूळ पगार आणि महागाई भत्ता वाढला, तर त्याबरोबर फंड आणि ग्रॅच्युइटीही वाढते. तिथे पगार आणि शाश्वती यांत भांडण नाही. बोनस आणि इतर भत्ते वाढले, तर हातात चार पैसे जास्त येतात, पण म्हातारपणाच्या खात्यात बहुधा काही पडत नाही.

आज आपली मुले पुण्या-बंगळुरात नोकरीला लागतात. त्यांच्या पाठीशी युनियन क्वचितच असते. नेमणुकीच्या पत्रात वार्षिक पॅकेजचा मोठा आकडा असतो आणि मालकाचा फंडाचा हिस्सा व ग्रॅच्युइटी पुष्कळदा त्याच आकड्यात धरलेली असते. सही करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते पत्र मुलांसोबत बसून एकदा ओळीओळीने वाचावे. मूळ पगार किती, फंड कशावर कापला जातो आणि तो खरोखर भरला जातो का, हे विचारायला लाजू नये. लोखंड्यांनी १८८४ साली हाच हिशेब मांडला होता. त्यासाठी त्यांना साडेपाच हजार सह्या गोळा कराव्या लागल्या, आपल्याला फक्त पत्र नीट वाचायचे आहे.