चर्चमधील ध्वनिव्यवस्था : खरखर टाळण्यासाठी ‘गेन’ कसा ठेवावा?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज घोषित केला आणि उपासनेत लोकभाषांना मोठे स्थान मिळाले. परंतु मायबोलीतील वाचनही शेवटच्या बाकावरील वृद्ध भाविकाला खरखरीमुळे ऐकू आले नाही, तर तो प्रभुशब्दाला मुकतो. अशा वेळी नवी यंत्रसामग्री घेण्याची सूचना पुढे येते. तथापि, अनेकदा दोष यंत्रांत नसून बटणांच्या चुकीच्या मांडणीत असतो. धर्मग्रामाचा पैसा खर्च करण्यापूर्वी ती तपासणे इष्ट होय.

खरखर का होते?

माईकमधून निघणारा विद्युत संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. तो मिक्सर व अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत जाताना प्रत्येक यंत्र त्यात आपली किंचित खरखर मिसळते. मिक्सरवरील ‘गेन’ हा वाढीचा पहिला टप्पा. तेथे संकेत क्षीण ठेवून पुढे अ‍ॅम्प्लिफायर वाढविला, तर वाचकाच्या आवाजाबरोबर मिक्सरची खरखरही वाढते. उलट गेन अति झाला, तर आवाज फाटतो व तो पुढे दुरुस्त होत नाही. म्हणून संकेत पहिल्याच टप्प्यावर पुरेसा, परंतु न फाटेल इतकाच वाढवावा.

मांडणीचा क्रम

१. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवावा. प्रथम मिक्सर व सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा.

२. वाचकाने वाचनपीठावर उभे राहून मिस्सामध्ये वाचतो त्याच आवाजात उतारा वाचावा. ‘हॅलो, एक, दोन, तीन’ एवढे पुरेसे नाही.

३. त्या माईकचे ‘पीएफएल’ बटण दाबून मीटर ० डेसिबलच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवावा. जोरकस शब्दालाही ‘पीक’चा लाल दिवा लागू नये. डिजिटल मिक्सरवर मात्र सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास असावी.

४. माईकचा व मुख्य फेडर ० या खुणेवर आणावा.

५. शेवटी अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू वाढवावा. शेवटच्या बाकावर शब्द स्पष्ट ऐकू येताच थांबावे.

आणखी काही दक्षता

माईक तोंडापासून साधारण वीतभर असावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. वाचनाच्या वेळी गायकवृंदाचे माईक बंद ठेवावेत. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी येण्यापूर्वी मिळणारी वाढ सुमारे ३ डेसिबलने कमी होते.

मुख्य फेडर पूर्ण खाली आणूनही खरखर राहिली, तर तिचा उगम पुढील टप्प्यांत, म्हणजे मिक्सरचा शेवटचा भाग, केबल किंवा अ‍ॅम्प्लिफायर यांत शोधावा. ‘घूं’ असा एकसुरी आवाज बहुधा अर्थिंग किंवा केबलच्या दोषामुळे येतो. त्यावर गेन हा उपाय नव्हे. जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे.

योग्य मांडणी साधल्यावर गेनच्या जागी खूण करून ठेवावी. मिस्सापूर्वीची दहा मिनिटे या तपासणीला देणारा स्वयंसेवक प्रभुशब्दाचीच सेवा करीत असतो.