काठीच्या होळीतला बुध्या: हा 'कॉस्च्युम' का नाही?

होळी जवळ आली की सातपुड्यातले रील्स फिरू लागतात. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. खाली कमेंट येते, 'काय भारी कॉस्च्युम!' पण हा कॉस्च्युम नाही, नवसाचा साज आहे.

हे कोण आहेत?

काठी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. इथल्या आदिवासींच्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ पासूनची असल्याचं सांगितलं जातं. रात्रभर ढोलावर नाच होतो आणि होळी पहाटे पेटते. नवस करून हा साज घालणाऱ्यांना बुध्या, बावा म्हणतात.

साजात काय असतं?

- टोप: बांबूच्या कामट्या आणि मोरपिसं
- कमरेला: वाळलेले भोपळे आणि घुंगरू, नाचताना यांचाच ताल धरला जातो
- गळ्यात: मण्यांच्या माळा
- अंगावर: राख आणि पांढरे ठिपके

तो बनवायला कसं शिकतात?

मोठ्यांच्या हाताखाली बसून. सगळ्यात जास्त वेळ भोपळ्याला लागतो. कोवळा तोडला तर तो सडतो. वेलीवर पूर्ण पिकून वाळलेलाच हलका आणि टणक होतो. म्हणून होळीची तयारी काही महिने आधीच सुरू होते.

साज तयार झाला म्हणून तो लगेच घालता येत नाही. त्याआधी 'पालनी' म्हणजे व्रत पाळावं लागतं. त्या काळात ब्रह्मचर्य पाळायचं आणि खाटेवर बसायचं नाही.

मोरपिसं चालतात का?

मोराची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. आपोआप गळलेली पिसं वापरायला मात्र देशात मुभा आहे.

जगात असं आणखी कुठे आहे?

उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे लोकांमध्ये हरणाच्या कातड्याचे जोडे शिवून त्यावर मण्यांची फुलं भरतात. पूर्वी तिथे साळिंदराचे काटे रंगवून वापरत. काचेचे मणी युरोपीय व्यापाऱ्यांनी आणले. ही कलाही मोठ्यांकडूनच शिकली जाते. तिथल्या पारंपरिक नृत्यमेळ्यांतही नर्तकांच्या पोशाखाला 'कॉस्च्युम' म्हटलेलं आवडत नाही. न विचारता त्याला हात लावत नाहीत.

काठीला जाणार असाल तर?

फोटो काढण्याआधी विचारा. टोप 'एकदा घालून बघू का' असं म्हणू नका. आणि पोस्ट करताना गावाचं नाव आणि 'बुध्या' हा शब्द नक्की लिहा.